बद्द वाजणारी बॅट

मुक्काम : शेवटी कळवतो
रविवार, दुपार

तीर्थरूप भाऊंच्या पायांशी योगराजचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे उभे आहोत, म्हणजे ठीक आहोत. थंडीत तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींचा खोकला गेला का, गच्चीवरची टाकी अजून गळते का, हे विचारायचं आहेच. उत्तरं सवडीनं द्या. हे पत्र मात्र सवडीचं नाही. तुमच्याशी बोलताही आलं असतं. पण नोकरीभर तुम्ही तोंडी कुणाचं ऐकलं नाहीत आणि निवृत्तीनंतर घरातही तीच पद्धत ठेवलीत. (मिक्सर बदलण्याबद्दल वहिनींनी दिलेला अर्ज अजून विचाराधीन आहे, असं आमच्या नूतनला कळलं.) म्हणून लेखी देतो. पूर्ण वाचावं. मध्येच समासात शेरा मारू नये.

विषय तुमच्या ऋतिकाच्या बॅटचा आहे. तुमचा हुकूम माझ्यासमोर आहे. विभागाच्या संघाच्या यादीत नाव आलं, तर सॉफ्टबॉल चालू राहील आणि ती शिकायला जळगावला माझ्याकडेच राहील. नाव आलं नाही, तर ग्लोव्हज माळ्यावर आणि मुलगी परत धुळ्याला, तुमच्याकडे देवपुरात. खाली वेगळ्या शाईनं : बॅट अक्कानं पारखून घ्यावी. पहिल्या दोन ओळींनी माझ्या घरात जेवणं कमी झाली. नूतन ऋतिकाच्या खोलीचा दिवा उगाच लावून ठेवायला लागली. तिसरी ओळ त्या वेळी साधी वाटली होती.

अक्काला मी दोष देत नाही. आपल्या घरात वस्तू वाजवून घेण्याचा अधिकार थोरल्या बहिणीचा, म्हणजे तिचा. माठ, टरबूज, कौल, माझ्या फ्लॅटच्या फरशा, सगळं तिनं बोटाच्या पेरानं वाजवून घेतलं. (बिल्डरच्या माणसाला तिनं स्वयंपाकघरातल्या तीन फरशा उचकटायला लावल्या, आणि तिन्ही खाली पोकळ निघाल्या. तेव्हापासून तो मला रस्त्यात ओळख देत नाही.) खणखण वाजेल ते चांगलं, बद्द वाजेल ते फुटकं. या नियमावर आपण लहानाचे मोठे झालो. नशिराबादहून ती सकाळच्या गाडीनं आली, चहाही घेतला नाही, आणि आम्ही पारसमलशेठच्या खेळसाहित्याच्या दुकानात गेलो. शेठ आता गादीवर नुसते बसतात. दुकान त्यांचा नातू अनुज बघतो.

अनुजनं बॅटी काऊंटरवर मांडल्या. ऋतिकानं त्यातली एक उचलली आणि तिचा चेहरा बदलला. तो तुम्ही पाहायला हवा होता. ती कंपोझिट होती. म्हणजे लाकूड नाही, धातू नाही; बारीक तंतूंच्या कापडाचे थर राळेत बसवून केलेली पोकळ नळी. मूठ वेगळी, वरचा भाग वेगळा आणि मध्ये सांधा, म्हणजे फटक्याचा हादरा हातापर्यंत येत नाही. ऋतिकाला हेच हवं होतं. संघाच्या सामाईक ॲल्युमिनियमच्या बॅटनं चेंडू मुठीजवळ लागला की तिच्या हाताला झिणझिण्या येतात आणि पुढचे दोन-तीन चेंडू ती घाबरत खेळते. (चेंडू खालून फेकतात, म्हणून तो हळू येत असेल असं मी समजत होतो. एकदा मैदानावर जाळीमागे उभा राहिलो. तो आला हे मला तो गेल्यावर कळलं.) तिनं बॅट एका हातात सरळ समोर धरली आणि तशीच धरून ठेवली.  मग बॅट पायाजवळ उभी केली, तळहात मुठीच्या टोकावर बरोबर टेकला. अनुज म्हणाला, काका, लांबी-वजन दोन्ही हिच्या मापाचं आहे, पॅक करू?

मग अक्का पुढे झाली. तिनं पदर खोचला आणि ती बॅट वाजवली.

बद्द.

"हे त फुटेल हाये," अक्का म्हणाली.

अनुज हसला. ते त्यानं करायला नको होतं. मावशी, कंपोझिटचा आवाज असाच असतो, तो म्हणाला. खेळून खेळून थोडा खुलतो. पुन्हा बद्द झाला तर मग समजायचं की तडा गेला. अक्कानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे चांगलीचा आवाज बद्द आन फुटेलचाही बद्द? मंग पारखाव कसं रे बाबा? तुह्या आजाले इचार, त्यानं मले आसा माल कधी दिला का." पारसमलशेठ गादीवरून म्हणाले, मावशी बराबर बोलताय. शेठ नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलतात, म्हणून त्यांचं दुकान अजून आहे.

नंतर अक्कानं एकेक करून सगळ्या बॅटी वाजवल्या. दुकानात आलेली इतर माणसं थांबून ऐकायला लागली. एक मिश्रधातूची बॅट देवळातल्या घंटेसारखी वाजली, अन् अक्कानं डोळे मिटले. तीच घेतली. तीसुद्धा ऋतिकाच्या मापाची नाही, एक इंच लांब आणि जड, कारण पोरीचं वाढतं अंग आहे. मी सांगितलं, अक्का, हिची उंची वाढायची थांबली. ती म्हणाली, "तुह्याही शर्टाले मी दोन बोटं जास्तच ठेवायला लावायची, तू मेला का त्यानं?"  ऋतिका काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तुमच्यासारखी दिसते. घंटेसारखी वाजणारी बॅट अक्का पूजा करायला म्हणून नशिराबादला घेऊन गेली; निवड चाचणीच्या दिवशी हातात देईन, म्हणाली. म्हणजे सरावाला तीही नाही.

आता पुढचं मी केलं. जबाबदारी माझी. ऋतिकाचे प्रशिक्षक प्रेमराज सर मला म्हणाले, लांब आणि जड बॅट घेऊन ही मुलगी चेंडू निघून गेल्यावर पोचेल, मग विभाग विसरा. मी त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन कंपोझिट बॅट घेऊन आलो. (पैशाचं काही विचारू नका. विचारलंत तर लेखी विचारा.) तुमचा हुकूम मोडला नाही, असं मी स्वतःला समजावलं : अक्कानं पारखलेली बॅट घेतलेली आहेच, ही नुसती जास्तीची. हा युक्तिवाद मला तुमच्याकडूनच आला असावा.

त्यानंतर माझी शांतता संपली. ही बॅट घेतली आणि मारली असं चालत नाही. तिला आधी रुळवावी लागते. हलक्या हातानं, मग मध्यम, मग जोरात. दर फटक्याला हातात थोडी फिरवायची, म्हणजे थर सगळीकडून सारखे सैल होतात. एकाच बाजूनं मारलं की तडा. हलक्या प्रतीचा कडक चेंडू मारला की तडा. आणि गारठ्यात मारलं की तडा, हे अनुजनं जाता जाता सांगितलं, जसं डॉक्टर दारात उभं राहून सांगतात. मी विचारलं, निवड चाचणी कुठे आहे माहीत आहे ना? तो म्हणाला, धुळ्याला. मी विचारलं, पौषात सकाळी धुळ्यात काय असतं माहीत आहे ना? तो काऊंटर पुसायला लागला. त्याची मावशी धुळ्याची आहे.

नूतननं इमारतीच्या अंगणात बसून चेंडू टाकले. ऋतिकानं मारले. मी दर फटक्यानंतर "फिरव" म्हणायचो. शेजारच्या दिपमालाबाईंनी गच्चीवरून विचारलं की हे काही व्रत आहे का. दोन-तीन दिवस आवाज बद्दच राहिला आणि मला बरं वाटलं. मग एका फटक्याला तो बदलला. किंचित. वर गेला की खाली, हे ठरेना. आम्ही तिघं उभे राहिलो. मी नखानं सगळी बॅट चाचपली, कानाला लावली, टॉर्च मारला. काही दिसत नव्हतं. न दिसणं हे चांगलं की वाईट, हेही कळत नव्हतं. अनुजला फोन लावला. तो म्हणाला, फोन जवळ धरून मारा. ऋतिकानं मारलं.  पलीकडे पारसमलशेठ कुणाला तरी मोजे दाखवत होते. शेवटी अनुज म्हणाला, काका, खुलतेय बहुतेक. त्या "बहुतेक"वर मी चार दिवस काढले. बँकेत एका खातेदाराची सही जुळते का, असं विचारलं तेव्हा मी बहुतेक म्हणालो, आणि साहेबांनी मला आत बोलावलं.

रात्री बॅटीला गोधडी. नूतन म्हणाली, माझ्या अंगावरची काढून त्या दांडक्याला? पण गोधडी तिनंच गुंडाळली, टोकं आत खोचून.

आज पहाटेची धुळे गाडी. ऋतिका प्रेमराज सरांबरोबर आणि मुलींबरोबर मागच्या बाकांवर. मी पुढे, मांडीवर गोधडीत गुंडाळलेली बॅट, वरून माझा मफलर. गाडी सुटणार तेवढ्यात दारातून अक्का चढली. कपाळाएवढं कुंकू लावलेली घंटेची बॅट तिच्या हातात, बॅटीला झेंडूची माळ. "सरक," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली.

भाऊ, एरंडोलपर्यंत ती झेंडूची माळ सारखी करत होती. पारोळ्याच्या अलीकडे पलीकडच्या बाकावरची बाई माझ्याकडे वाकून म्हणाली, दादा, बाळाचं तोंड उघडं ठेवा, जीव घाबरतो त्यांचा. मी मान हलवली. ती म्हणाली, किती महिन्यांचं आहे? मी म्हणालो, नवीनच आहे. तिनं अक्काला विचारलं, नातू का नात? अक्कानं माझ्याकडे पाहिलं. माझं वय तिला माहीत आहे. नूतनचंही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. काच बंद होती आणि तिच्यावर धुकं, तरी पाहत राहिलो. मग मांडीवर हालचाल जाणवली. अक्कानं पेर वाकवून गोधडीवर दोनदा वाजवलं.

गोधडीतूनही बद्द ऐकू आलं.

"योगराज," अक्का म्हणाली, "हे तेच हाये ना? फुटेलवालं?"

त्या बाईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण कशाचा करायचा आणि कुणाकडे, हे ठरेना.  ती बाई उतरताना माझ्या खांद्याला हात लावून गेली.

मैदानावर गारठा असा होता की मुली हात काखेत धरून उभ्या होत्या. अक्कानं माझ्याकडून गोधडीचं गाठोडं काढून घेतलं, उघडून बघितलंही नाही, आणि आपली माळवाली ऋतिकाच्या हातात दिली. मी सरांकडे पाहिलं. सर निवडकर्त्यांकडे पाहत होते. ऋतिकानं माळ काढून नीट घडी केली, खिशात ठेवली आणि मैदानात गेली.  अक्काला वाईट वाटू नये म्हणून ती यादीतलं नाव सोडायला तयार होती. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण ही गोष्ट कुठल्याही निवडकर्त्याच्या कागदावर येत नाही.

पहिला चेंडू. बॅट पोचेपर्यंत तो मागच्या मुलीच्या ग्लोव्हजमध्ये होता. दुसरा मुठीजवळ लागला. खणखण असा आवाज झाला की पलीकडे क्रिकेट खेळणारी माणसं वळून बघायला लागली. चेंडू पायाजवळच पडला. ऋतिकानं बॅट खाली टाकली आणि हात झटकले. बोटं उघडेनात तिची. तिसरा तिनं सोडला. निवडकर्त्यांपैकी एक जण चहाकडे वळला. मला तुमचा माळा दिसला, भाऊ. खरंच दिसला : ग्लोव्हज, त्यावर जुना पंखा, त्यावर दिवाळीचे आकाशकंदील.

अक्का आवाज ऐकत होती. मग ती बघायला लागली. तिनं ऋतिकाचे हात पाहिले. बाकी काही न बोलता ती उठली, काखेत गोधडी, आणि पांढरी रेघ ओलांडून मैदानात चालायला लागली. पंच ओरडला, आजी, आत यायचं नाही. "पोरीचा हात सुन्न होऊ राह्यला, दिसत नाही का तुले? डोये कशाले देल्हे देवानं?" ती थांबलीही नाही. तिथे भर मैदानात तिनं गोधडी उलगडली, कंपोझिट बॅट काढून ऋतिकाच्या हातात दिली आणि घंटेवाली परत घेतली. वाजवली नाही. पंचाच्या हातातली शिट्टी तशीच राहिली. मला वाटतं, त्याच्याही घरी कुणीतरी अक्का असावी.

पुढचा चेंडू आला. बॅट गोधडीतून नुकतीच निघालेली, कोमट असेल. हवा गार. मी डोळे मिटले, म्हणून मी फक्त ऐकलं.

बद्द.

मी संपलो. डोळे उघडले तेव्हा सगळ्यांच्या माना वर होत्या. चेंडू कुंपणावरून पलीकडे, रस्त्यालगतच्या बाभळीत गेला. चहाकडे गेलेला निवडकर्ता परत आला. पुढचा चेंडूही मैदानाच्या टोकाला गेला. त्यापुढचा सरळ पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुलीच्या, डोक्यावरून.

मग पंचानं हात वर केला आणि बॅट मागितली. आवाज फुटल्यासारखा येतो, तो म्हणाला. तडा गेलेली बॅट चालत नाही. हे फटके बाद धरावे लागतील. त्यानं अंगठ्यानं दाबून बॅट फिरवली, उन्हात धरली.  प्रेमराज सरांनी टोपी काढली. ऋतिका जागेवरून हलली नाही, फक्त ओठ दातात. आणि तिथे, भाऊ, आमच्या सगळ्यांच्या देखत अक्का पंचाला म्हणाली, "फुटेल नाही ते. तिचा आवाजच तसा राहतो. मी सोता दुकानात वाजवून घेतेल हाये." ती पंचाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, मी काही बोलतो का ते. मी बोललो नाही. पंचाला तडा सापडला नाही. त्यानं बॅट परत दिली.

एवढंच. आता वाचून झाल्यावर तुम्हाला काय वाटायचं ते वाटेल. वहिनींना नमस्कार. टाकीला आतून सिमेंट लावून बघा, बाहेरून नको.

तुमचा,
योगराज

ता. क. : यादी दुपारी लागली. ऋतिकाचं नाव आहे. शेवटून पहिलं, रेघेखाली, राखीव. मुली तिला म्हणाल्या, झालीस की. सर म्हणाले, म्हटलं तर झालं. मी तुमचा हुकूम पुन्हा वाचला. "यादीत नाव आलं तर" असे शब्द आहेत. यादीचा कागद एकच आहे, सही एकाच ठिकाणी आहे, आणि रेघ कागदावरच मारलेली आहे. याचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त तुमचा, म्हणून इतकं लांब लिहिलं. पहिल्या पानावर राखीव लिहिलं असतं, तर तुम्ही दुसरं पान उलटलं नसतं.

दुसरा ता. क. : मुक्काम कळवतो म्हणालो होतो. आम्ही देवपुरातच आहोत, तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, रसवंतीच्या बंद गाड्यामागे. हे पत्र इथेच बसून लिहिलं. अक्का म्हणते, गिरधरनं निकाल दिल्याशिवाय त्याच्या घरचं पाणी पिणार नाही. पण चहाचं तिनं दोनदा विचारलं. तुमच्या फाटकापर्यंत जायची माझी हिंमत नाही, म्हणून पत्र वहिनींच्या दूधवाल्याकडे देतो आहे. होकार असेल तर वहिनींना पोहे टाकायला सांगा. फोडणीचा वास इथपर्यंत येतो, मी मघाशी अंदाज घेतला.

तिसरा ता. क. : अक्कानं सगळं वाचून घेतलं. ती म्हणते, बसमधलं खोडून टाक, आणि दुकानात ही बॅट पहिल्यांदा तिनंच पसंत केली होती असं लिही. मी लिहिलं आहे. हे वाक्य तेच.

शेवटचा : ऋतिका गोधडीवर झोपली होती, ती उठली. पाकीट बंद करू दिलं नाही तिनं. म्हणाली, काका, बॅटीचं, यादीचं, अक्काचं सगळं राहू द्या. पप्पांनी मला अजून एकदाही खेळताना पाहिलं नाही. विभागाचा सामना जळगावला आहे, येतील का तेवढं विचारा. मी म्हणालो, अगं, तू राखीव आहेस, कदाचित खेळणारही नाहीस. ती म्हणाली, माहीत आहे. बाकावर बसलेली दिसेन. पण दिसेन.